घाटात इंजिन गरम, रात्री लाइट लावले की काटा वर, सकाळी सेल्फ ओढत नाही: हेड गॅस्केट की वायरिंग?

साखरपा_पिकअप

२०१० ची डिझेल पिकअप आहे. अडीच लिटर, टर्बो, मेकॅनिकल पंप, एसी नाही. फॅन बेल्टवरचा, मध्ये व्हिस्कस कपलिंग (आतल्या घट्ट ऑइलच्या जोरावर फॅन फिरवणारा जोड). वॉटर पंप आणि अल्टरनेटर एकाच बेल्टवर. सीझनमध्ये आंब्याच्या पेट्या भरून रत्नागिरीहून कोल्हापूरला जाते, वजन सव्वा टनाच्या आसपास.

१) आंबा घाटात दुसऱ्या गिअरवर चढताना टेंपरेचरचा काटा हळूहळू लाल पट्टीपर्यंत जातो. वर सपाटीला लागलं की खाली येतो. एका फेरीत अर्धा-पाऊण लिटर पाणी रेडिएटरच्या बाटलीतून बाहेर फेकलं जातं.
२) रात्री सपाट रस्त्यावरही हेडलाइट लावले की काटा थोडा वर सरकतो. बल्ब १००/९० चे आहेत.
३) सकाळी सेल्फ जड फिरतो. बॅटरी नवीन आहे, तरीही.

एक मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलंय, हेड उतरवून फेसिंग (घासून सपाट) करू. दुसरा म्हणतो थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व) काढून टाका. हेडला हात लावायच्या आधी काय काय तपासू?

डिझेलवाला

हेड उतरवायची घाई करू नका. मला आधी एकच सांगा. रात्री लाइट लावल्यावर काटा त्याच क्षणी सरकतो की पाच-सात मिनिटांनी?

विचारण्याचं कारण असं. लाइट लावले की अल्टरनेटरवर भार येतो. बेल्ट ढिला किंवा गुळगुळीत झालेला असेल तर तिथे तो घसरतो, आणि त्याच बेल्टवर वॉटर पंप आणि फॅन असल्यामुळे पाणी खरंच तापतं. पण त्याला काही मिनिटं लागतात. सात-आठ लिटर पाणी स्विच दाबताक्षणी तापत नाही. काटा लगेच उडत असेल तर तापमान वाढलेलं नाही, मीटर खोटं सांगतंय.

बेल्ट बघून घ्या. सगळ्यात लांब टप्प्याच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबल्यावर १० ते १२ मिमी दबला पाहिजे. नुसता ताण बघून सोडू नका, बेल्ट पुलीच्या खाचेत किती खोल बसलाय तेही बघा. व्ही-बेल्ट बाजूंनी पकडतो. झिजून तळाला टेकला असेल तर कितीही ताणा, घसरणारच, आणि जास्त ताणल्यामुळे वॉटर पंपाचं बेअरिंग जाईल ते वेगळंच.

थर्मोस्टॅट अजिबात काढू नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडतानाच बायपासचं तोंड बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्यातलं बरंचसं रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं. म्हणजे घाटात आणखी गरम. सपाटीला उलटं, इंजिन गार चालतं आणि डिझेल जास्त खातं. शंका असेल तर तो पातेल्यात पाण्यात टांगा, थर्मामीटर सोडा आणि गॅसवर ठेवा. ८२ अंशांचा असेल तर ८०–८४ च्या दरम्यान उघडायला लागतो आणि ९५ पर्यंत पूर्ण उघडतो. तळाला टेकवू नका, भांड्याचा तळ पाण्यापेक्षा गरम असतो.

वायरमन_कराड

वरच्या प्रश्नाचं उत्तर "लगेच" असेल तर पुढचं माझ्याकडून घ्या.

टेंपरेचरचा सेंडर (इंजिनवर बसणारा, काट्याला तापमान कळवणारा सेन्सर) एकाच वायरचा असतो, त्याचं अर्थिंग इंजिनच्या ब्लॉकमधून होतं. बऱ्याच पिकअपमध्ये बॅटरीची निगेटिव्ह केबल चेसिसला असते आणि चेसिसवरून इंजिनला एक अर्थिंग पट्टी जाते. अल्टरनेटर इंजिनवर बसतो, म्हणजे लाइटचा सगळा करंट परत जाताना त्याच पट्टीतून जातो. पट्टी गंजली की करंट वाढेल तसा तिथे व्होल्टेज पडतो आणि ब्लॉक चेसिसपेक्षा अर्धा-पाऊण व्होल्टने खाली जातो. मीटरला वाटतं सेंडरमधून जास्त करंट जातोय. सेंडर गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होऊन करंट वाढतो, त्यामुळे मीटर ते "गरम" असंच वाचतं.

सेल्फचा करंट तर याच्या कितीतरी पट. तोही त्याच पट्टीतून, म्हणून जड फिरतो. बॅटरी बदलून हे जात नाही.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावून एवढी रीडिंग आणा:

– काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर (क्लँपवर नाही, शिशाच्या पोस्टवर), लाल पिन ब्लॉकच्या उघड्या बोल्टवर. पिना उलट्या झाल्या तर नुसतं मायनस दिसेल, आकडा तोच. इंजिन १५०० आरपीएमला, लाइट आधी बंद, मग चालू. ०.२ च्या आत पाहिजे.
– त्याच जागा, आता सेल्फ मारताना. फार तर ०.३. इंजिन चालू होऊ नये म्हणून स्टॉप केबल ओढून धरायला एक माणूस लागेल.
– अल्टरनेटरच्या बी टर्मिनलवर (जाड प्लस वायरचा बोल्ट) आणि त्याच्या बॉडीवर किती, आणि त्याच वेळी बॅटरीच्या दोन पोस्टवर किती. दोन आकड्यांतला फरक कुठेतरी गंजात जातोय.

मल्टिमीटर नसेल तर जंप केबलची एकच वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिन उचलायच्या हुकाला. लाइट चालू असताना ती लावली आणि काटा जागेवर खाली आला, की झालं निदान.

आणि अ‍ॅक्सिलरेटर किंवा क्लचची केबल जड झाली असेल तर तेही सांगा. पट्टी तुटली की सेल्फचा करंट वाट शोधत या केबलमधून जातो. आतलं प्लास्टिक वितळून केबल जाम होते आणि लोक केबलच बदलत बसतात.

घाटमाथा

वायरिंगचं बरोबर आहे, पण त्यामुळे पाणी बाहेर फेकलं जात नाही. घाटातलं गरम होणं खरं आहे, ते वेगळं धरा.

इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो कमी दाखवतो, म्हणून थर्मोस्टॅट हाऊसिंगवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर मारा. घाटात काटा वर गेला की सुरक्षित जागी बाजूला घ्या, इंजिन बंद न करता १२००–१५०० वर ठेवा आणि लगेच हाऊसिंग, रेडिएटरची वरची टाकी, खालची टाकी अशी रीडिंग घ्या. मग जाळीवर रांगेने फिरवा.

वर-खाली दोन्ही जवळजवळ सारखं गरम असेल तर पाणी फिरतंय पण हवा मिळत नाही. म्हणजे फॅन, कपलिंग, रेडिएटरच्या जाळीचे पंखे (बारीक पत्र्याच्या फिन) बुजलेले किंवा फॅनचं कवच तुटलेलं. खालची टाकी वरच्यापेक्षा फारच गार असेल तर पाणीच कमी फिरतंय: पंप, बेल्ट, थर्मोस्टॅट, नाहीतर आतून चोंदलेल्या नळ्या. जाळीत मधेच गार पट्टे लागले तर त्या नळ्या बंद आहेत. त्याला रॉडिंग (नळ्यांत सळी घालून साफ करणं), आणि तेही जुन्या पितळी रेडिएटरलाच चालतं.

गॅस्केटचं निदान थंड इंजिनवर करा. सकाळी रेडिएटरची कॅप काढून पाणी तोंडापर्यंत भरा आणि चालू करा. हवेचे एक-दोन बुडबुडे सोडून द्या. पण आरपीएम वाढवल्यावर बुडबुड्यांची धार लागली, किंवा कॅप लावून चालू केल्यावर पाणी तापायच्या आधीच एक-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर कंप्रेशनचा गॅस पाण्यात येतोय. खात्रीसाठी निळ्या द्रावणाची लीक टेस्ट मिळते, गॅस लागला की तिचा रंग बदलतो. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल नाही म्हणून गॅस्केट चांगलं असं समजू नका.

कॅपही बघा. पाण्यावर ०.९ बार दाब राहिला तर ते ११८–११९ अंशांपर्यंत उकळत नाही. कॅपची स्प्रिंग ढिली पडली की तेच पाणी १०५–११० ला उकळून बाटलीत येतं, आणि बाटली भरली की रस्त्यावर. रेडिएटरवाल्याकडे हातपंप असतो, पाच मिनिटांचं काम. इंजिन गार झाल्यावर होज आत चिंबत असेल तर कॅपचा छोटा व्हॉल्व अडकलाय, बाटलीतलं पाणी परत ओढलं जात नाही.

गरम असताना कॅप उघडू नका. आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी तर मुळीच नको, हेडला तडा जातो.

साखरपा_पिकअप

सगळ्यांचे आभार. रीडिंग देतो.

काटा लाइट लावल्याबरोबर सरकतो, बेल्ट नीट आहे. पोस्ट ते ब्लॉक: लाइट बंद ०.१, लाइट चालू ०.५, सेल्फ मारताना ३.४. अल्टरनेटरवर १४.३, बॅटरीवर १३.५. जंप केबल लावली तर काटा खाली आला आणि सेल्फही पटकन फिरला. क्लच केबल थोडी जड आहे.

घाटात (दिवसा, लाइट बंद) हाऊसिंग १०६, वरची टाकी १०४, खालची १०१. गार पट्टे नाहीत. थंड इंजिनवर बुडबुडे नाहीत, होजही कडक होत नाही. कॅप ०.४ बारलाच सोडते.

वायरमन_कराड

१४.३ वजा १३.५ म्हणजे ०.८. त्यातले ०.५ अर्थिंगचे, उरलेले ०.३ बी टर्मिनलपासून बॅटरी प्लसपर्यंत. ते चालण्यासारखं आहे, पण त्या बाजूचे लगही (केबलच्या टोकाचे धातूचे डोळे) उघडून घासून घ्या.

पट्टी नवीन टाका. ३५ स्क्वेअर एमएमची वेल्डिंग केबल घ्या, दोन्ही टोकांना तांब्याचे लग प्रेस करून. नुसते हातोडीने ठोकलेले लग पुन्हा गंजतात. चेसिसवरचा रंग लगाएवढ्या जागेत पत्रा चमकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाका, बोल्ट आवळा आणि मग वरून ग्रीस. आधी ग्रीस लावून नंतर आवळायचं नाही. दुसरी एक १० स्क्वेअरची वायर इंजिनवरून केबिनच्या पत्र्याला द्या, डॅशबोर्डला स्वतंत्र अर्थिंग मिळेल. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे जोड दर पावसाळ्यानंतर उघडून बघावे लागतात. काम करताना बॅटरीची निगेटिव्ह आधी काढायची, शेवटी लावायची.

पट्टी झाल्यावर पुन्हा मोजा. सेल्फ मारताना ०.३ च्या आत आलं नाही तर बॅटरी ते चेसिस हा जोडही संशयित.

घाटमाथा

१०४ आणि १०१. सव्वा टन घेऊन चढताना रेडिएटरने फक्त तीन अंश काढले. हवेचाच प्रश्न.

इंजिन गरम असताना बंद करा, फॅन थांबू द्या, मग हाताने एक झटका द्या. गरम व्हिस्कस कपलिंगला अडखळ जाणवली पाहिजे. मोकळा दोन-तीन फेरे फिरला तर आतलं सिलिकॉन ऑइल गेलंय. हबच्या पुढच्या तोंडावर धूळ चिकटलेला तेलाचा ओघळ दिसेल. पुढची गुंडाळलेली पट्टी म्हणजे बायमेटल स्प्रिंग. ती चिखलाने भरली असेल तर आधी ब्रशने साफ करून बघा, फुकटात सुटेल.

बदलायचं झालं तर नट सोडवताना आटे सुलटे की उलटे हे आधी बघा. नवीन कपलिंग दुकानातून घरी आणतानाही उभंच ठेवा, आडवं ठेवलं तर ऑइल सरकतं. बोल्ट मारून फॅन कायमचा जाम करायचा जुगाड सीझनपुरता चालतो, पण आवाज आणि डिझेल दोन्ही वाढतात.

पंखे धुताना पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारा, साध्या नळीने. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला की पंखे आडवे होतात आणि हवा कायमची बंद. कॅप ०.९ चीच घ्या. जास्त दाबाची घेतली तर जुना होज फुटेल.

डिझेलवाला

कूलंट भरताना एक गोष्ट राहून जाते. फ्लश केल्यावर ब्लॉकमध्ये दोन-तीन लिटर साधं पाणी उरतं. त्यामुळे सिस्टीम ९ लिटरची असेल तर आधी साडेचार लिटर न मिसळलेलं कूलंट ओता, मग जेवढं मावेल तेवढं डिस्टिल्ड वॉटर. उलट केलं तर प्रमाण कधीच निम्मं-निम्मं येत नाही. तयार मिसळलेला कॅन असेल तर ब्लॉकचा ड्रेन उघडून सगळं पाणी काढा, आणि त्यात वर पाणी घालू नका. बोअरचं पाणी कुठेच नको.

गाडीचं तोंड चढाला करून उभी करा, हीटर असेल तर पूर्ण गरमवर. कॅप काढून थंडपासून चालू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाईल, तेव्हा भरून कॅप लावा. दुसऱ्या दिवशी थंड असताना पुन्हा बघा.

साखरपा_पिकअप

फॅन मोकळाच फिरतोय, हबवर ओघळ आहे. कपलिंग, कॅप आणि पट्टी घेतो. शेवटचं, १००/९० बल्ब ठेवू की काढू?

वायरमन_कराड

काढा. दोन्हींचा डिप म्हणजे १८० वॅट, पंधरा अँपिअरच्या आसपास, तेही बहुतेक थेट कॉम्बिनेशन स्विचमधून. स्विचचा कनेक्टर काढून बघा, पिनांभोवती प्लास्टिक तपकिरी झालं असेल.

६०/५५ चे बल्ब लावा आणि दोन ३० अँपिअरचे रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) बसवा, एक डिपला, एक अपरला. स्विचची जुनी वायर आता फक्त रिले ओढेल. बॅटरीपासून रिलेला आणि रिलेपासून बल्बला २.५ स्क्वेअरची वायर, प्रत्येक रिलेला १५ अँपिअरचा वेगळा फ्यूज, बॅटरीपासून वीतभराच्या आत. बल्बची अर्थिंग हेडलाइटच्या पत्र्याला न देता थेट चेसिसला द्या. फ्यूज उडायला लागला तर मोठा घालू नका, कुठेतरी वायर घासतेय ती शोधा. रेडिएटरच्या बाजूची पत्र्याची कड आधी बघा, बहुतेक वेळा तिथेच सापडते.