5 जिंकल्या 7 हरल्या, तरी बाऊल गेम मिळतो? कुणीतरी नीट समजावून सांगा

नाशिकची_मीनल:
नमस्कार मंडळी. प्रश्न फुटबॉलचा आहे (अमेरिकन, कॉलेजचा; बाऊल म्हणजे सीझन संपल्यावर निवडक टीमना मिळणारी जादा मॅच), पण माझ्यासाठी तो विमानाच्या तिकिटाचा झालाय. लेक युनिव्हर्सिटीच्या मार्चिंग बॅन्डमध्ये क्लॅरिनेट वाजवते. शनिवारी त्यांची टीम सातवी मॅच हरली, 12 पैकी 5 जिंकल्या, म्हणजे आम्हाला वाटलं सीझन संपला, आम्ही 21 डिसेंबरची मुंबईची तिकिटं आधीच काढलीयत कारण 27 ला नाशिकला आईची पंच्याहत्तरी आहे. आता ही म्हणते थांब, बाऊल अजून मिळू शकतो, आणि मिळाला तर बॅन्डलाही जावं लागतं. मी इतकी वर्षं ऐकत आलेय की 6 जिंकल्याशिवाय बाऊल नाही. मग 5 वाल्यांना कोण आणि कशावरून घेतं? बॅन्ड डायरेक्टरचं उत्तर एवढंच की रविवारपर्यंत काही सांगता येणार नाही.

लिंकनकर:
मीनलताई, लेक बरोबर बोलतेय. 6 चा नियम आहेच, 12 पैकी निदान 6 जिंकायच्या, आणि त्यात खालच्या डिव्हिजनच्या टीमविरुद्धचा एकच विजय धरतात. पण बाऊल इतके झालेत की काही वर्षी 6 जिंकलेल्या टीमच पुरत नाहीत. 2015 ला 40 बाऊल होते म्हणजे 80 जागा, आणि टीम निघाल्या 77. उरलेल्या 3 जागा 5-7 वाल्यांना गेल्या, नेब्रास्का, मिनेसोटा आणि सॅन होजे स्टेट.

आता कशावरून घेतात ते. इथे फुटबॉल बघतच नाहीत, अभ्यास बघतात! एपीआर म्हणून आकडा असतो, अकॅडमिक प्रोग्रेस रेट. स्कॉलरशिपवरच्या प्रत्येक खेळाडूला दर टर्मला दोन पॉइंट मिळू शकतात, एक अभ्यासात पात्र राहिला म्हणून आणि एक कॉलेज सोडून गेला नाही म्हणून. टीमने मिळवलेले पॉइंट भागिले मिळू शकणारे पॉइंट, गुणिले 1000. चार वर्षांचा हिशोब एकत्र धरतात आणि 930 च्या खाली गेलात तर 6 जिंकून पण पोस्टसीझन, म्हणजे सीझननंतरच्या मॅच, बंद. 5-7 वाल्यांची यादी या आकड्याने लावतात आणि वरून बोलवत येतात.

मी तेव्हा नुकताच नेब्रास्कातून पास होऊन सनीव्हेलला नोकरीला लागलो होतो. ते वर्ष आमच्यासाठी फार वाईट गेलं होतं. पहिल्याच मॅचला लिंकनमध्ये बीवाययूने शेवटच्या चेंडूवर लांब फेकून हरवलं, इलिनॉयने 14-13 ने, विस्कॉन्सिनने 23-21 ने. आणि याच टीमने मिशिगन स्टेटला 39-38 ने हरवलं होतं, जे त्या वर्षी प्लेऑफला, म्हणजे विजेतेपदाच्या फेरीला, गेले. तर एपीआरच्या यादीत आम्ही सगळ्यात वर होतो म्हणून बाऊल मिळाला, तोही सॅन्टा क्लाराला, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. 26 डिसेंबरला यूसीएलए 21-7 ने पुढे होती, मग आमच्या पोरांनी सलग 30 पॉइंट काढले, पासिंग जवळजवळ बाजूलाच ठेवलं आणि नुसतं पळवत नेलं. 37-29 ने जिंकलो. माझ्या पुढच्या रांगेत सत्तरीचे एक आजोबा लाल जाकिटात बसले होते, शेवटची दोन मिनिटं त्यांनी टोपी काढून छातीशी धरली होती. 6-7 ने संपलेला सीझन, पण मला आठवतो तो तोच दिवस.

परभणी_ते_पर्ड्यू:
माहिती बरोबर आहे, पण मला हे पटत नाही आणि मनापासून सांगतो. बाऊल हे बक्षीस आहे. जास्त हरलेल्याला बक्षीस द्यायचं तर मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सहाव्या विजयासाठी जी धडपड चालते तिला काय अर्थ राहिला? 2016 ला ओहायोच्या मायामीची टीम पहिल्या 6 मॅच हरली आणि नंतरच्या 6 च्या 6 जिंकली, तोवर कुणालाच असं जमलं नव्हतं. बाऊलला समोर कोण आलं तर 5-7 ची मिसिसिपी स्टेट. 16-17 ने मागे असताना शेवटच्या काही सेकंदांत मायामीची फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून मारून 3 पॉइंट मिळवायचा प्रयत्न) अडवली गेली आणि हरले. त्या पोरांनी जागा मैदानावर कमावली होती, समोरच्यांनी नाही. एवढे बाऊल भरवायचेच कशाला? टीव्हीला डिसेंबरभर मॅच पाहिजेत म्हणून.

लिंकनकर:
@परभणी, मायामीचं वाईट मलाही वाटलं होतं. पण जागा रिकामी ठेवता येत नाही ना, समोरच्या टीमने तर कमावलेली असते, तिला खेळायला कोणीतरी पाहिजे. आणि कोणीतरी पाहिजेच तर जिथली पोरं वर्गात टिकलीत त्यांना द्या, याच्यापेक्षा चांगली कसोटी मला सुचत नाही. नाहीतर मोठं नाव आणि जास्त तिकिटं खपवणारी टीम घेतली असती. बाऊलमुळे साधारण 15 प्रॅक्टिस जास्त मिळतात, त्याचा खरा फायदा पहिल्या वर्षाच्या पोरांना होतो, आणि शेवटच्या वर्षाच्यांना आणखी एकदा हेल्मेट घालता येतं.

डेट्रॉइटची_काकू:
मीनल, 5-7 च्या आधी पण काही जणांचा नंबर लागतो हे लक्षात ठेव गं. 2016 ला हवाई 6-7 होती, ते 13 मॅच खेळतात, त्यांना घरच्याच मैदानावर हवाई बाऊल मिळाला आणि जिंकल्या पण. 2023 ला 82 जागांना 79 टीम होत्या, तेव्हा आधी जेम्स मॅडिसन आणि जॅक्सनव्हिल स्टेट घेतल्या, ज्या वरच्या डिव्हिजनला नवीन आल्यामुळे एरवी अपात्र होत्या, आणि मग उरलेली एक जागा 5-7 च्या मिनेसोटाला. ती मॅच इथे डेट्रॉइटलाच झाली, बोलिंग ग्रीनला 30-24 ने हरवलं. 26 डिसेंबर होता, आम्ही सगळे गेलो होतो.

आणि रविवारी नाव नाही आलं म्हणून सुटलीस असं समजू नकोस हो. 2021 ला कोविडमुळे टेक्सस ए अँड एम ने गेटर बाऊल सोडला ख्रिसमसच्या दोन-तीन दिवस आधी, आणि 5-7 च्या रटगर्सला बोलावणं आलं 31 डिसेंबरच्या मॅचसाठी. पोरं घरी गेलेली, तिथून परत बोलावली. वेक फॉरेस्टने 38-10 ने हरवलं, पण त्यांना 2014 नंतर बाऊलच मिळाला नव्हता. 2024 ला मार्शल युनिव्हर्सिटीचे कोच नोकरी सोडून गेले, मागोमाग खेळाडू दुसरीकडे जायला निघाले, टीम पुरेना म्हणून त्यांनी बाऊल सोडला, ती जागा लुइझियाना टेकला.

नाशिकची_मीनल:
सगळ्यांचे खूप आभार. रात्री लेकीबरोबर बसून यादी काढली, 5-7 वाल्यांत एपीआरने आमची टीम चौथी आहे आणि जागा दोन उरतील असं दिसतंय.

लिंकनकर:
चौथी म्हणजे आशा सोडण्यासारखं नाही. 2015 ला मिझुरी पण यादीत वर होती, त्यांनी नको म्हटलं, खालच्यांना मिळालं. तुम्ही तिघांचं तिकीट तसंच ठेवा, लेकीचं तेवढं तारीख बदलता येईल असं करून घ्या.

नाशिकची_मीनल:
केलं तसंच. आईला फोन करून सांगितलं, ती म्हणाली वाजवू दे तिला, मी काय 28 ला पण पंच्याहत्तरच असणार. युनिफॉर्म काल जमा करायचा होता, डायरेक्टरने कुणाकडूनच घेतला नाही. तिने टोपीचा तुरा कागदात गुंडाळून परत डब्यात ठेवलाय.