श्री ठाणेदार: कौतुक नक्की कशाचं करायचं?

टिळकवाडीकर: चिकोडीत जन्म, बेळगावात बालपण, शिकता शिकता घराला हातभार. १९७९ला अमेरिका, अक्रन विद्यापीठातून रसायनशास्त्रात पीएचडी. १९९१मध्ये सेंट लुईसची केमिर ही लहानशी प्रयोगशाळा ७५ हजार डॉलरला घेतली आणि वाढवली. आज डेट्रॉइटचे खासदार. तरी आपल्या मंडळींत नाव काढलं की नाकं मुरडतात. का बरं?

मिडवेस्टी: कारण अर्धीच गोष्ट सांगितली जाते. २०१०मध्ये कर्जापायी बँकेने कंपनी ताब्यात घेतली. न्यू जर्सीतल्या त्यांच्या प्रयोगशाळेत औषधांच्या चाचण्यांसाठी ठेवलेली शंभरावर बीगल कुत्री आणि माकडं आतच राहिली. कुंपणावरून चढून त्यांना खायला घालावं लागलं, अशा बातम्या होत्या. मराठी आत्मचरित्र घरोघरी गेलं ते याच्या आधी.

टिळकवाडीकर: ताबा बँकेकडे होता, हे त्यांचं उत्तरही सांगा की. आणि सगळं गेल्यावर पंचावन्नाव्या वर्षी मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला अ‍ॅव्होमीन ही नवी प्रयोगशाळा काढली. आपल्याकडे एक दुकान बुडालं की माणूस गल्ली बदलतो.

रसायनवाला: धंद्याबद्दल मानलं बुवा. माझी तक्रार राजकारणाबद्दल आहे. २०१८ला मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत पदरचे कोटभर डॉलर ओतले आणि व्हिटमर, एल-सय्यद यांच्या मागे तिसरे आले. मग बिऱ्हाड डेट्रॉइटला हलवलं आणि २०२०ला मिशिगनच्या विधानसभेत. आपल्याकडे याला ‘बाहेरचं पार्सल’ म्हणतात!

टिळकवाडीकर: पण त्या २०१८च्या लढतीत डेट्रॉइट शहरात पहिले कोण होते? हेच पार्सल. पैशाने जाहिरात विकत मिळते राव, मत नाही.

मिडवेस्टी: जाहिरातीशिवाय उमेदवाराचं नाव तरी कळतं का? २०२२च्या खासदारकीच्या प्राथमिक फेरीत जेमतेम २८ टक्क्यांवर जिंकले, कारण बाकीची मतं फुटली. बहुसंख्य कृष्णवर्णीय शहर, आणि १९५५नंतर पहिल्यांदाच तिथून कृष्णवर्णीय खासदार नाही. ही सल तिथल्या लोकांची आहे. आपण इथे ‘मराठी पाऊल’ म्हणून पेढे वाटतोय.

रसायनवाला: +१. पेढे मीही खाल्ले होते, ते सोडा.

टिळकवाडीकर: एवढी सल होती, तर २०२४ला परत का निवडून दिलं?

मिडवेस्टी: त्यांचे प्रतिस्पर्धी हॉलियर यांची उमेदवारी सह्यांच्या घोळात बाद झाली म्हणून.

टिळकवाडीकर: आणि दुसऱ्या प्रतिस्पर्धी मेरी वॉटर्स? त्या होत्या ना मतपत्रिकेवर?