घरी चौकशी आली तेव्हा: कोकणातल्या घरांचे अनुभव

वाडीवर अनोळखी गाडी शिरली की ती कुणाकडे गेली हे अर्ध्या तासात सगळ्यांना कळतं. ती एखाद्या मुलाबद्दलच्या तक्रारीवरून आली असेल, तर पुढे त्या घराचं काय होतं यावर मात्र कुणी बोलत नाही. म्हणून हा धागा.

कुणी 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करतं, कधी शाळा कळवते. मग बाल न्याय अधिनियम, 2015 प्रमाणे जिल्ह्याची बालकल्याण समिती सामाजिक तपासणी अहवाल मागवते, म्हणजे घरी येऊन मुलाची परिस्थिती बघून लिहिलेला अहवाल. अहवालाला 15 दिवस आणि सगळ्या चौकशीला 4 महिने, अशी मुदत आहे. त्या काळात आणि त्यानंतर घरात काय घडलं ते लिहा.

मुलाचं नाव, शाळा, वाडी, फोटो यातलं काही नको. त्याच कायद्याच्या कलम 74 प्रमाणे तो गुन्हा आहे, आणि नसता तरी नकोच. तक्रार खरी होती की खोटी, याचा निवाडाही इथे नको. माझं मत आधीच सांगते. मूल संकटात असेल तर चौकशी व्हायलाच हवी. पण ती संपली की घरच्यांना तसं सांगायला हवं. माझ्या ऐकण्यातल्या बहुतेक घरांना ते कुणी सांगितलेलंच नाही.

खाडीपट्ट्यातली आई

नवरा बोटीवर खलाशी. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेवढाच तो घरी. एरवी मी, सासूबाई आणि मुलगा. पेज सांडून मुलाचा दंड भाजला होता. ते बघून शाळेतून कुणीतरी कळवलं.

तिघंजण आले. ओटीवरच विचारायला सुरुवात केली. गडग्यापलीकडे शेजारणी उभ्या. "मारता का? नवरा पैसे पाठवतो का?" आत जाऊन तांदळाचा डबा उघडून बघितला. सासूबाईंनी चहा टाकला होता, तो कुणी घेतला नाही. त्या अजून ते बोलून दाखवतात.

दवाखान्याचा कागद दाखवला, ते गेले. मिटलं असं मला वाटलं, पण मिटलं असं कुणी कळवलं नाही. गाडीचा आवाज आला की मुलगा मागच्या दाराने माडांत पळायचा. आंघोळीला सदरा काढायला तयार नसायचा. एकदा जांभ्यावर पडून गुडघा फुटला, तर रक्त पुसलेलं फडकं विहिरीमागे पुरून आला. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "बाईंना दिसलं तर ते परत येतील." ज्या बाईंनी काळजीपोटी कळवलं असेल, त्यांनाच तो आता काही दाखवत नाही. उद्या खरंच कुणी त्याला त्रास दिला तर तो कुणाला सांगणार?

हळदीकुंकवाची बोलावणी येतात. पण वाडीतली मुलं आमच्या अंगणात खेळायला यायची थांबली, ती थांबलीच.

धागाकर्ती

ताई, समितीकडे साध्या कागदावर अर्ज करून आदेशाची प्रत मागा, आणि अर्जाची पोच घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बायकांना आणि मुलांना मोफत वकील देतं, उत्पन्न कितीही असलं तरी. आदेश मान्य नसेल तर 30 दिवसांत अपील करता येतं. तुमच्याकडे तर समितीचा आदेश झाला की नाही हेच तुम्हाला ठाऊक नाही. तिथूनच सुरुवात करा.

शिक्षिका, दक्षिण कोकण

मी कळवणाऱ्यांपैकी आहे. एका मुलीने मला जे सांगितलं, ते ऐकल्यावर 2012 च्या पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याप्रमाणे कळवणं माझ्यावर बंधनकारक होतं. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिक्षा नसती तरी मी कळवलंच असतं. गावाने बोलणं टाकलं, बस थांब्यावर बायका तोंड फिरवायच्या. पण आलेल्या महिला पोलीस अधिकारी साध्या साडीत, रिक्षाने आल्या आणि मुलीशी तिच्या मावशीच्या घरी बोलल्या. गणवेश नको, जबाब मुलीला सोयीच्या जागी घ्यायचा, हे कायद्यातच आहे. त्यामुळे ती बोलली. तिच्या घरच्यांची लाजही त्यामुळेच राहिली.

माजी कार्यकर्ता, बाल संरक्षण

मी असे अहवाल लिहिले आहेत. एक खोली, मातीची भुई, घरात वीज नाही, याला हेळसांड म्हणायचं नाही, ही गरिबी आहे. नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी शिकवायला हवं. मूल संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं कायद्यातच म्हटलंय. गरिबी हेच कारण असेल तर बालसंगोपन योजनेतून महिना 2250 रुपये मिळू शकतात, तो अर्ज आधी भरून घ्यावा.

कातकरी कुटुंब पाऊस सरला की वीटभट्टीवर जातं. घराला कुलूप दिसतं आणि कागदावर चढतं, "पालक आढळून आले नाहीत." पालक भट्टीवर राबत असतात. मंडणगडच्या टोकाच्या गावातून रत्नागिरीला यायचं तर पहाटेची एसटी, बुडालेली मजुरी, आणि पुढची तारीख पडली तर पुन्हा तेच. तारखेला न येणाऱ्या बापाला मुलाची पर्वा नाही, असं कुणी म्हटलं की मला फार राग यायचा.

सिंधुदुर्गातला, आता मुंबईत

माझ्यासाठी ती गाडी आली ते बरंच झालं. बाबा दारू पिऊन आईला आणि आम्हाला मारायचे. शेजारच्या काकूंनी फोन केला, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पण मला मुलांच्या बालगृहात ठेवलं आणि बहिणीला मुलींच्या. ती वेगळी का, हे कुणी समजावलं नाही. पहिल्या रात्री मी एकच धोशा लावला होता, "माका घराक जावचा आसा." मार चुकला होता तरी घरच हवं होतं. चतुर्थीला मामाने अर्ज करून दोघांना नेलं आणि पुढे समितीने आम्हाला त्याच्याच ताब्यात दिलं. मामा पहिल्या दिवसापासून कणकवलीतच होता. त्याला आधी विचारलं असतं तर?

नवीन सदस्य

आमच्याकडे पुढच्या आठवड्यात येणार आहेत. मुलगी आठ वर्षांची. तिला काय सांगून ठेवू?

माजी कार्यकर्ता, बाल संरक्षण

काही पढवू नका, पढवलेलं लगेच कळतं. एवढंच सांगा, की ही माणसं तू ठीक आहेस ना हे बघायला येणार आहेत, आठवेल ते खरं सांग, नाही आठवलं तर "आठवत नाही" म्हण. ती शेजाऱ्यांसमोर बोलणार नाही, आत बसूया, असं तुम्ही दारातच सांगा. लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याचे कागद, प्रगतिपुस्तक एका पिशवीत ठेवा. सही करण्याआधी मजकूर वाचून घ्या, न कळलेल्या ओळीवर थांबा. आलेल्यांची नावं, हुद्दा आणि तारीख वहीत लिहून ठेवा. आणि निघताना विचारा, "निकाल आम्हाला लेखी कधी मिळेल?"