सगळ्या ऊसवाल्यांची एफिशियन्सी ०.९९ कशी काय येते?

पंचगंगाकाठ: भावांनो जरा मदत पायजे. शिरोळ आणि करवीर तालुक्यातल्या शे-सव्वाशे ऊसकऱ्यांचा सर्व्हे केलाय, २०२१-२२ च्या गळीत हंगामाचा, आर सॉफ्टवेअरमध्ये स्टोकॅस्टिक फ्रंटिअर (तेवढ्याच मजूर-खत-पाण्यात जास्तीत जास्त किती ऊस निघू शकतो ती सीमा काढायची पद्धत) चालवलं तर सगळ्यांची टेक्निकल एफिशियन्सी (त्या सीमेच्या किती जवळ, १ म्हणजे पूर्ण) ०.९९ यायलीय. एकरी ३० टनवाला पण ०.९९ आणि ७० टनवाला पण तेवढाच. गाइड म्हणतात चांगलंय, लिहून टाक आपले शेतकरी कार्यक्षम आहेत म्हणून. मला काय पटंना. मॉडेल साधं कॉब-डग्लस (उत्पादन आणि निविष्ठा सगळ्यांचे लॉग घेऊन), क्षेत्र मजूर खत बेणं पाणी. सरळ डीईए (सगळ्यात चांगल्या शेतकऱ्यांनाच सीमा धरून बाकीच्यांना मोजायची पद्धत) करू का?

आकडेमोड: ओएलएसच्या (साध्या रिग्रेशनच्या) रेसिड्युअलची, म्हणजे उरलेल्या फरकाची, स्क्यूनेस (शेपूट कुठल्या बाजूला लांब) बघितलीस का आधी? एग्नर-लव्हेल-श्मिटच्या १९७७ च्या स्टोकॅस्टिक फ्रंटिअर मॉडेलात एररचे दोन तुकडे असतात, एक दोन्हीकडं हलणारा (पाऊस, रोग, मोजमापातला फरक) आणि दुसरा फक्त खाली ओढणारा, तीच इनएफिशियन्सी. म्हणून शेपूट डावीकडं पायजे. तुझं उजवीकडं असणार, आणि तसं असलं की मॅक्सिमम लाइकलीहूड (मॉडेल डेटावर बसवायची पद्धत) दुसरा तुकडा शून्य धरून मोकळा होतो, वाल्डमननं १९८२ मध्येच दाखवलंय. गॅमा (एररमधला इनएफिशियन्सीचा वाटा) बघ, शून्याला टेकलेला असेल. ०.९९ हा निकाल नव्हे रे, मॉडेलनं हात वर केलेत.

डीईएत तर नॉइजला (पाऊस, मोजमाप असल्या फरकाला) जागाच नाही, एकानं क्षेत्र कमी सांगितलं की तोच फ्रंटिअर आणि बाकीचे सगळे आळशी.

बांधावरचा: मला तुमचं ते शेपूट कळत नाही पण आडसाली, सुरू आणि खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटलेला) एकाच मोळीत बांधलायस काय? आडसाली १६-१८ महिने रानात असतोय, सुरू १२. आणि खोडव्याला बेणं कुठलं आलं?

पंचगंगाकाठ: व्हय, सगळं एकत्रच हाय 😅 आडसालीवाले थोडेच आहेत. खोडव्याच्या बेण्याला लॉग निघंना म्हणून ०.०१ टाकलं.

आकडेमोड: घावलं की मग! थोडे आडसालीवाले लांब वर, बाकीची गर्दी खाली, शेपूट उजवीकडं जाणारच. आडसाली-सुरू-खोडवा असे हंगामाचे डमी (हो-नाही सांगणारे १/० चे कॉलम) टाक. बेणं शून्य असेल तिथं लॉगच्या जागी ० लिही आणि वेगळा डमी दे, ते ०.०१ काढ, कारण बेणं किलोत लिहिलंस का टनात यावर गुणांक बदलत बसतो. मग परत स्क्यूनेस बघ. तरी उजवीकडंच आली तर तसं स्पष्ट लिही, छोट्या सॅम्पलमध्ये नुसत्या योगायोगानं पण होतंय.

बांधावरचा: आणि २०२१ च्या जुलैत महापूर आलता ते विसरू नको. ज्याचं रान आठ दिवस पाण्याखाली, त्याला अकार्यक्षम म्हणशील तर शिव्या खाशील. किती दिवस पाणी थांबलं ते विचारून वेगळा कॉलम कर. टनेज कारखान्याच्या वजन पावतीवरनं घे, तोंडी सांगताना सगळे राऊंड फिगर सांगतात. क्षेत्राचंही तसंच, सातबाऱ्यावर एक आणि बांध, पाट, रस्ता सोडून लागण झालेलं वेगळं, गुंठ्यात विचार.