जखमी जनावरावर दुसऱ्याने गोळी झाडावी का? बॅकअप शॉटचा कायदा आणि नीती

देवराई (प्रश्न):

नमस्कार. मी नोकरीनिमित्त कोलोराडोत, डेन्व्हरजवळ राहतो आणि एच-१बी व्हिसावर आहे. येथील शिकारीचे रीतसर प्रशिक्षण पूर्ण करून प्रमाणपत्र घेतले आहे आणि येत्या ऑक्टोबरमधील रायफल हंगामासाठी मादी एल्कचा (एल्क म्हणजे येथील मोठ्या आकाराचे हरीण) परवाना माझ्या नावावर निघाला आहे. ज्या एका सहकाऱ्यांसोबत जाणार आहे ते वयाने आणि अनुभवाने माझ्याहून बरेच मोठे आहेत. त्यांचाही स्वतंत्र परवाना आहे, मात्र तो नराचा आहे. नेमबाजीच्या सरावाच्या वेळी त्यांनी मला धीर दिला, की मी निर्धास्तपणे बार टाकावा, जनावर नुसतेच जखमी झाले तर दुसरी गोळी, म्हणजे बॅकअप शॉट, ते स्वतः झाडतील.

त्यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. पण त्या दिवसापासून मन स्वस्थ नाही. त्यांच्या गोळीने जनावर पडले तर ते कायद्याने कोणाचे ठरेल? आणि कायदा बाजूला ठेवला तरी, तडफडणारे जनावर समोर असताना परवाना कोणाच्या नावाचा आहे हे पाहत बसणे योग्य आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पाइनवन:

देवराई, आधी कायद्याचे सांगतो, कारण तो येथे पुरेसा स्पष्ट आहे. कोलोराडोत मोठ्या जनावराचा परवाना एका व्यक्तीचा असतो, सोबत निघालेल्या सर्वांचा मिळून नसतो. दुसऱ्याच्या परवान्यावरचे जनावर आपण मारणे आणि आपल्या परवान्यावरचे दुसऱ्याला मारू देणे, या दोन्ही गोष्टींना 'पार्टी हंटिंग' म्हणून मनाई आहे. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या राज्यांत हरणाच्या बाबतीत गटातील एकाने दुसऱ्याच्या टॅगवर (परवान्यासोबत मिळणारी, मारलेल्या जनावराला बांधायची चिठ्ठी) हरीण मारणे काही अटींवर चालते, आणि तिकडे शिकलेली माणसे पुष्कळदा तीच रीत इकडेही गृहीत धरतात. तुमच्या सहकाऱ्यांकडे नराचा परवाना आहे. त्यामुळे त्यांनी मादीवर झाडलेली गोळी त्यांच्या टॅगमध्येही बसत नाही आणि तुमच्याही नाही. त्या जनावराला तुमचा टॅग बांधून ते घरी आणणे म्हणजे दोघांनी मिळून खोटी नोंद करणे होय.

तुमच्या बाबतीत यात आणखी एक धोका आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. तुमच्या एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या वास्तव्याच्या) व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसे बाळगता येत नाहीत. जे थोडे अपवाद आहेत त्यांपैकी एक म्हणजे जवळ वैध शिकार परवाना असणे. तुमच्या हातातील रायफल कायदेशीर ठरते ती त्या परवान्यामुळे. शिकारीच्या गुन्ह्यांबद्दल येथे दंडाचे गुण मोजले जातात, ते २० झाले की परवाना निलंबित होऊ शकतो, आणि राज्याराज्यांमधील करारामुळे एका ठिकाणचे निलंबन बहुतेक सर्व राज्यांत लागू पडते.

आता नीतीचे. दुसरी गोळी झाडूच नये, असे मी म्हणत नाही. ती तुम्ही झाडावी, असे म्हणतो. नवखा माणूस पहिला बार टाकतो, डोळ्यांसमोरून रायफलीवरची दुर्बीण हलते, आणि जनावर उभे दिसले की नेम चुकला असे समजून तो थांबतो. एल्क हे अत्यंत चिवट जनावर आहे. दोन्ही फुफ्फुसांतून गोळी गेलेली एल्कही काही क्षण जणू काहीच झाले नाही अशी उभी राहते, कळपाबरोबर चालू लागते आणि मग कोसळते. पोटात गोळी लागलेली एल्क मात्र पाठ किंचित वाकवून निघून जाते आणि मैलभर दूर जाऊन बसते. त्या पहिल्या काही क्षणांत या दोहोंतला फरक ओळखणे अनुभवी डोळ्यांनाही नेहमी जमत नाही. म्हणून बार झाला की खांद्यावरून रायफल न हलवता लगेच पुढचे काडतूस चढवावे, आणि जनावर उभे असेपर्यंत, मागे दुसरे जनावर नाही याची खात्री करून, पुन्हा झाडावे. थोडे मांस वाया गेले तरी चालेल.

जनावर नजरेआड गेलेच तर घाईने मागे धावू नये. फुफ्फुसावर गोळी लागली असावी असे वाटत असेल तर अर्धा तास थांबावे. पोटावरची शंका असेल तर कित्येक तास थांबून मगच रक्ताचा माग काढावा, कारण लवकर उठवलेले जनावर आणखी दूर जाते आणि रक्त सांडणेही थांबते. दोन मर्यादा तेवढ्या ध्यानात ठेवा. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने गोळी झाडण्याची वेळ संपते, मग जनावर जखमी का असेना. आणि माग खासगी जमिनीत शिरला तर मालकाच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही. म्हणून संध्याकाळचा शेवटचा बार आणि कुंपणालगतचा बार, दोन्ही मी टाळतो.

तुमच्या सहकाऱ्यांच्या बोलण्यातला 'निर्धास्त' हा भाव मला सर्वांत जास्त खटकला. पाठीमागे कोणी आहे म्हणून जो बार तुम्ही टाकाल आणि एकटे असता तर टाकला नसता, तो टाकूच नये.

सवाना:

मी गेली काही वर्षे नामिबियात राहतो आणि कामाच्या निमित्ताने शिकारीच्या व्यवसायातील माणसांशी माझा नेहमी संबंध येतो. पाइनवन यांनी सांगितलेल्या कायद्याबद्दल वाद नाही. परंतु बॅकअप शॉटकडे केवळ गुन्हा म्हणून पाहिले तर अर्धेच चित्र दिसते. येथे परदेशी शिकाऱ्याला नोंदणीकृत व्यावसायिक शिकाऱ्याशिवाय शिकार करताच येत नाही, आणि रानरेडा, हत्ती किंवा सिंह समोर असेल तेव्हा त्या व्यावसायिकाने पाहुण्यामागे भरलेली रायफल घेऊन उभे राहणे हे त्याचे कर्तव्य मानले जाते. जखमी रानरेडा दाट झुडपात शिरून दबा धरतो आणि माग काढणाऱ्यावर, त्यातही पुढे चालणाऱ्या स्थानिक मागकाढ्यावर, अगदी जवळून चालून येतो. पाहुणा मायदेशी परततो. तो मागकाढ्या उद्याही त्याच रानात चालणार असतो. या देशांत मोठ्या जनावरांसाठी गोळीचा किमान आकार आणि ऊर्जा कायद्याने ठरवून दिलेली आहे, त्यामागेही हाच विचार आहे. जवळच्या झिम्बाब्वेत हत्ती आणि रानरेड्यासाठी किमान ९.२ मिलिमीटर व्यास आणि ५.३ किलोज्यूल ऊर्जा लागते.

मात्र येथेही या प्रथेचा गैरवापर होतो. पाहुण्याचा बार आणि व्यावसायिकाचा बार एकाच क्षणी निघतात, एकच आवाज ऐकू येतो, आणि पाहुणा आपल्याच गोळीने जनावर पडले या समजुतीत फोटो काढून घेतो. मला हे फार गैर वाटते, कारण त्यात जनावराचा विचार नाही आणि माणसाच्या जिवाचाही नाही, केवळ पाहुण्याचा मान आणि पुढच्या वर्षीचे गिऱ्हाईक यांचा विचार आहे. ज्यांच्याबद्दल मला आदर आहे ते व्यावसायिक आदल्या रात्रीच पाहुण्याला स्पष्ट विचारतात, की जनावर अंगावर आले किंवा जखमी होऊन झुडपाकडे निघाले तरच मी झाडीन, हे मान्य आहे ना? आणि झाडले तर ते तसे सांगतात. जखमी करून हरवलेल्या जनावराचे पूर्ण शुल्क घेण्याची रीत इकडे सर्रास आहे. अलास्कातही कोडियाक बेटावर आणि आग्नेय भागात जखमी झालेले अस्वल परवान्यावर मारलेलेच धरले जाते. या नियमामुळे पहिला बार टाकणारा माणूस जास्त विचार करतो, असा माझा अनुभव आहे.

पाइनवन यांच्याशी माझा एकच मतभेद आहे. परवानाधारकाची रायफल अडकली, जनावर समोर मोडलेल्या पायांवर उठण्याचा प्रयत्न करीत आहे आणि माझ्या हातात भरलेली रायफल आहे, अशा वेळी मी गोळी झाडीन आणि लगेच अधिकाऱ्याला फोन करून जे झाले ते सांगेन. दंड झाला तर भरीन.

तेंदूपान:

मी विदर्भात वनखात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीचे परवाने १९९१ च्या दुरुस्तीने गेले, त्यामुळे हौशी शिकाऱ्याचा प्रश्न येथे उरलेला नाही. तरीही बॅकअप शॉटचा प्रश्न आपल्या खात्यापुढे वेगळ्या रूपात उभा राहतो. कलम ११ नुसार, अनुसूची १ मधील (सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतील) जनावर मानवी जिवाला धोकादायक झाले असेल किंवा बरे न होण्याइतके जखमी वा आजारी असेल, आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा हलवणे शक्य नसेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक कारणे नमूद करून ते मारण्याचा लेखी आदेश देऊ शकतात. त्याच कलमात सद्भावनेने केलेल्या स्वसंरक्षणाला संरक्षण आहे. बेशुद्धीचा डार्ट मारणाऱ्याशेजारी बंदूकधारी माणूस असतो तो या दुसऱ्या तरतुदीच्या आधारे.

पांढरकवड्याच्या टी-१ वाघिणीचे प्रकरण सर्वांना आठवत असेल. आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न करावा आणि ते जमले नाही तरच गोळी घालावी, असा आदेश होता. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती मारली गेली. डार्ट लागल्यावर ती चालून आली म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली, असे पथकाचे म्हणणे होते. परंतु त्या वेळी पशुवैद्यक सोबत नव्हते, आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने कार्यपद्धतीचे उल्लंघन झाल्याचा ठपका ठेवला. तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचे नाव जोडले गेले होते, गावकऱ्यांनी रात्ररात्र जागून काढल्या होत्या, हे मी विसरलेलो नाही. तरीही मला वाटते की राखीव बंदूक माणसाचा जीव वाचवण्यासाठी नेली जाते. डार्टचे अर्धवट राहिलेले काम उरकण्यासाठी ती वापरली, किंवा तसा नुसता संशय जरी राहिला, तरी पुढच्या प्रत्येक मोहिमेवर लोकांचा विश्वास बसणे अवघड होते.

म्हणूनच सवाना यांच्या शेवटच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. दयेपोटी झाडलेली गोळी आणि घाईने झाडलेली गोळी, यांतला फरक गोळी झाडणाऱ्याच्या मनात असतो. पंचनाम्यात तो दिसत नाही. ज्या माणसाचे नाव आदेशात किंवा परवान्यात आहे त्यानेच शेवटपर्यंत जबाबदार राहावे, ही व्यवस्था कठोर आहे, पण तिच्यावाचून प्रत्येक जण आपापल्या दयेचा दाखला देऊ लागेल.

देवराई:

सर्वांचे मनापासून आभार. मी सहकाऱ्यांशी बोललो. पार्टी हंटिंगचा नियम त्यांना माहीत होता, पण जखमी जनावराला तो लागू होत नाही अशी त्यांची समजूत होती. शिकारीच्या नियमांची पुस्तिका दाखवल्यावर त्यांनी आपली चूक मान्य केली. दोनशे यार्डांच्या पलीकडे मी झाडणार नाही आणि संध्याकाळच्या शेवटच्या तासात नवीन जनावरावर बार टाकणार नाही, असे आम्ही ठरवले आहे. सवाना यांनी सांगितलेला प्रसंग मात्र डोक्यातून जात नाही. माझी रायफल अडकली आणि जनावर समोर तडफडत असेल, तर कायदा न मोडता काय करता येईल?

पाइनवन:

सहकाऱ्यांनी स्वतः झाडण्याऐवजी त्यांची रायफल तुमच्या हातात द्यावी. परवाना तुमचा, टॅग तुमचा, बोट तुमचे. रायफल कोणाच्या मालकीची आहे याने त्या क्षणी फरक पडत नाही, फक्त ती एल्कसाठी नियमात बसणारी असावी. त्यासाठी त्यांच्या रायफलीवर आधी मैदानात सराव करून घ्या: तिचा बोल्ट कसा फिरतो, सेफ्टी कोठे आहे, दुर्बीण किती अंतरावर जुळवलेली आहे आणि घोडा किती हलका आहे, हे सर्व हाताला माहीत झाले पाहिजे. ती तुमच्या हातात देताना नळीत काडतूस नसावे. चढवायचे ते तुम्ही, नेम धरल्यावर. त्यांच्या काडतुसांपैकी थोडी तुमच्या उजव्या खिशात वेगळी ठेवा, तुमच्या काडतुसांत मिसळू देऊ नका. आणि निघण्यापूर्वी त्या भागाच्या वन्यजीव अधिकाऱ्याचा फोन क्रमांक कागदावर लिहून घ्या, कारण वरच्या दऱ्यांत मोबाइलला रेंज नसते आणि रस्त्यावर परतल्यावर दोघांपैकी कोणाच्या तरी फोनवरून तो लावावा लागेल.