मदत हवी आहे : अकरावीत एकदम संगीत विषय घ्यावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात, मानपाड्याला राहतो. लेक सीबीएसईची दहावी झाली आणि आता अकरावीला गणित सोडून हिंदुस्थानी गायन घ्यायचं म्हणते. गेल्या वेळी गडकरी रंगायतनला शास्त्रीय गाण्याच्या राम मराठे महोत्सवाला घेऊन गेले, ते मलाच भोवलं बहुतेक!

गळा गोड आहे, सुरात गाते. पण शिक्षण म्हणाल तर पाचवी-सहावीत गांधर्व महाविद्यालय मंडळाची फक्त प्रारंभिक ही पहिली परीक्षा दिलेली. नंतर क्लास सुटला. बारावीला या विषयात ७० गुण प्रात्यक्षिकाचे आणि ३० लेखी, म्हणजे पाठांतरावर निभावणार नाही. अकरावीतच बिहाग, भीमपलास या रागांत ख्याल, आलाप-तानांसह गायचा, हाताने ताल धरून ठेका (तालाचे बोल) म्हणायचा, शिवाय बंदिशीची स्वरलिपी लिहायची. तिला तीनतालाची सम (पहिली मात्रा) सापडते, पण एकतालात अजून चाचपडते.

शाळेत विषय मिळेल म्हणतात, पण शिक्षक आठवड्यातून दोनच दिवस येतात. बाबांचं म्हणणं, "गाणं छंद म्हणून ठेव." आजी मात्र नातीच्या बाजूने.

कुणाच्या मुलांनी असा उशिरा विषय घेतलाय का? दोन वर्षांत रोज किती रियाज लागला? घोडबंदर रोड किंवा नौपाड्यात परीक्षेच्या दृष्टीने शिकवणारे गुरुजी किंवा ताई माहीत असतील तर सांगा. वाशीलाही पाठवेन, ठाण्याहून थेट लोकल आहे. ऑनलाइन नको, तानपुऱ्याजवळ बसूनच शिकू दे. विषय निवडीचा फॉर्म सोमवारी द्यायचाय.