मुलांबरोबरचे प्रवास: इंदूरहून निघालेले, इंदूरच्या आसपासचे. तुमचेही अनुभव लिहा

छोटी_लाइन
गेल्या रविवारी पाताळपाणी ते कालाकुंडच्या हेरिटेज गाडीत बसलो. बायको, थोरला, धाकटी आणि मी. गाडी घाट उतरायला लागली, चाकांचा तो मीटरगेजचा, म्हणजे मीटरभर रुंदीच्या रुळांचा, खडखडाट कानावर पडला आणि पोटात कालवलंच. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही आजोळी अकोल्याला याच रुळांवरून जायचो. इंदूर, महू, मग हा घाट, खंडवा आणि पुढे अकोला. वळणावर खिडकीतून आपल्याच गाडीचं इंजिन दिसतं, ते आधी कोणाला दिसलं यावरून आम्हा भावंडांची हाणामारी व्हायची. बाबा प्रत्येक बोगद्याच्या आधी "आला!" म्हणायचे आणि आई घाईघाईने डब्यांची झाकणं लावायची. जुन्या वाफेच्या इंजिनांच्या काळात कोळशाची कणी पडायची, ती सवय डिझेल आल्यावरही तिच्या हाताला राहिली होती.

हा रस्ता होळकरांच्या पैशातून झाला. दुसऱ्या तुकोजीरावांनी 1870 च्या सुमारास इंग्रजांना 1 कोटी रुपये कर्ज दिलं, 101 वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्क्यांवर. घाटाचा चढ 40 ला 1, म्हणजे 40 फूट पुढे गेलं की 1 फूट वर. थोरल्याला हे सांगितलं तर त्याने कंपासमधली पट्टी काढून वहीवर तसा चढ आखून बघितला. म्हणाला, "बाबा, हा तर सपाटच दिसून राहिला." मग कालाकुंडहून परत चढताना इंजिनाचा आवाज ऐकला आणि स्वतःच गप्प झाला.

2023 च्या सुरुवातीला महूच्या पुढची मीटरगेज रुंद रुळांच्या ब्रॉडगेजसाठी बंद झाली. राहिला आहे तो एवढाच तुकडा. मला मनापासून वाटतं की मुलांना जवळचं आणि सावकाश जाणारं काहीतरी दाखवायलाच हवं. तुम्ही मुलांना कुठे कुठे नेलंत? काय झालं? लिहा.

रामबाग_वाडा
वा! कालाकुंडचा कलाकंद खाल्लात की नाही? पळसाच्या पानावर देतात तो?

छोटी_लाइन
खाल्ला म्हणजे काय! धाकटीने पानसुद्धा चाटलं 😄

नर्मदाकाठची_आई
आम्ही महेश्वरला जातो, सारखे जातो. मुलगी नऊ वर्षांची. यावेळी किल्ल्यातल्या विणकरांकडे अर्धी दुपार बसलो. मागावर एक मावशी काठ विणत होत्या. मुलगी बराच वेळ टक लावून बघत होती, मग उठली आणि माझा हात ओढत घाटाच्या भिंतीपाशी घेऊन गेली. दगडात कोरलेली नागमोडी पट्टी आणि साडीचा काठ, दोन्ही तेच! मी इतकी वर्षं महेश्वरी नेसते, मला कोणी हे दाखवलं नव्हतं. परत आलो तर मावशींनी तिला नावं सांगितली. ही लहर, ही चटई, ही ईंट. घरी आल्यापासून माझ्या कपाटातल्या सगळ्या साड्यांचे काठ वहीत काढणं चाललंय.

सकाळी लवकर गेलात तर राजवाड्यात मातीची छोटी छोटी शिवलिंगं करून पूजा करतात ती बघा. अहिल्यादेवींच्या काळापासून चालत आलेली आहे. नंतर सगळी नर्मदेत सोडतात. मुलांना माती दिसली की ती हलत नाहीत तिथून.

कुकर झाला, बाकी नंतर.

भिया_इंदौरी
दादा धागा मस्त. मी पुण्याला असतो, आता दर दिवाळीत मुलांना घेऊन इंदूरला येणं हाच आमचा प्रवास. ट्रॅव्हल्सची रात्रीची बस. बिजासन घाटात दोघांनाही गाडी लागते, ठरलेलंच. सेंधव्याला उतरून माताजींना नमस्कार करतो आणि पुढे सगळं ठीक. कोणाकडे काही उपाय?

दवाखाना_नको
@भिया_इंदौरी निघण्याआधी पोटभर जेवण देऊ नका, अगदी उपाशीही ठेवू नका. पुढची सीट घ्या, मोबाइल अजिबात हातात नको, लांबचा डोंगर बघायला सांगा. आलेपाकाची वडी चघळायला. औषध द्यायचं असेल तर मुलांच्या डॉक्टरांना विचारून, मोठ्यांच्या गोळीचा तुकडा करून देऊ नका.

भिया_इंदौरी
मोबाइल काढून घेतला तर बस डोक्यावर घेतील 😅 पण करतो. धन्यवाद ताई.

लष्करवाली
ग्वाल्हेरहून. आमचीही छोटी लाइन होती! तुमच्याहून छोटी. दोन फुटांचे रूळ, ग्वाल्हेर ते श्योपूर जवळजवळ 200 किलोमीटर. शिंद्यांनी बांधलेली. 2020 मध्ये बंद पडली ती पडलीच, आता तीही ब्रॉडगेज होतेय. माझ्या मुलाला मी सबलगढपर्यंत नेलं होतं, बंद व्हायच्या आधी. गाडी इतकी हळू की एक आजोबा खाली उतरले, शेतातल्या माणसाशी दोन शब्द बोलले आणि पुन्हा चढले. मुलगा आता कॉलेजात आहे, पण पाहुणे आले की अजून हेच सांगतो.

आणि जयविलास राजवाड्यातली चांदीची गाडी! जेवणाच्या टेबलावर रूळ, त्यावर छोटी गाडी फिरून पाहुण्यांना मद्य आणि सिगार पुरवायची. सुरई उचलली की गाडी थांबायची. लहान मुलं तिथून हलतच नाहीत. माझ्या भाच्याने विचारलं, "मावशी, यात वरण का नाही ठेवायचे?"

रामबाग_वाडा
भाचा बरोबर बोलला!!

कमाटीबाग
गाड्यांचं चाललंय तर बडोदा मागे कसं राहील. आमच्या कमाटीबागेत राजघराण्यातल्या मुलांसाठी केलेली छोटी गाडी होती. आमच्या आईच्या पिढीने त्यातून चकरा मारल्यात. आता जुनं इंजिन नुसतं बघायला ठेवलंय. पण माझ्या मुलीला गाडीचं काही नाही, तिला म्युझियममधला देवमासा. 1944 साली महीच्या मुखाशी वाहून आलेला निळा देवमासा, त्याचा अख्खा सांगाडा. ती त्याच्या जबड्याखाली उभी राहते आणि शांतपणे फासळ्या मोजते. दर वेळी आकडा वेगळा येतो, मग पुन्हा पहिल्यापासून. मी घाई करत नाही. रविवारची सकाळ त्यासाठीच आहे.

सुदामानगर_आजी
मी 71 वर्षांची आहे, टायपायला वेळ लागतो. मीनाक्षी एक्सप्रेस कोणाला आठवते का? याच मीटरगेजवरून इंदुरातून जायची, खंडवा अकोला करत थेट हैदराबादकडे. सासर नांदेडकडचं. तीन लेकरं, एक होल्डॉल, पाण्याची सुरई आणि दशम्यांचा डबा. रिझर्वेशन वगैरे काही नाही. एकदा अकोल्याला अनोळखी बाईने माझं तान्हं मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, तू झोप. पूर्णेपर्यंत मी झोपले. तिचं नावही विचारायचं राहिलं. ते बाळ आज पन्नाशीला आलंय.

छोटी_लाइन
आजी 🙏 डोळे भरून आले. आमच्या आईची आणि तुमची एकाच डब्यात भेट झाली असेल कदाचित.

नवी_सून_विजयनगर
आजी दशम्या कशा करायच्या? माझ्या दुसऱ्या दिवशी चिवट होतात

सुदामानगर_आजी
पाणी घालू नकोस. कणीक दुधातच भिजवायची, तेलाचं मोहन, चिमूट मीठ. मऊ नको, घट्टसर. भाजताना तूप सोड. गार झाल्याशिवाय डब्यात भरायच्या नाहीत, वाफ धरली की वास येतो. बरोबर शेंगदाण्याची चटणी, कोरडी.

नवी_सून_विजयनगर
गरमच भरते मी! आज करून बघते ❤️

शांत_खिडकी
माझं थोडं वेगळं आहे. मुलगा ऑटिस्टिक आहे, सात वर्षांचा. सराफ्याची गर्दी, हॉर्न, अचानक शिट्टी हे त्याला सोसत नाही. लोक म्हणायचे घरीच ठेवा. आम्ही ठेवत नाही. कालाकुंडच्या गाडीत बसायच्या आधी काही दिवस आम्ही त्याला त्याच मार्गाचे फोटो क्रमाने दाखवले. स्टेशन, डबा, पूल, बोगदा, पुन्हा उजेड. प्रिंट काढून दोऱ्यात ओवले. गाडीत त्याच्या कानावर हेडफोन आणि मांडीवर ती माळ. प्रत्येक बोगद्यानंतर तो एक फोटो उलटा करत होता. शिट्टी वाजली तेव्हा त्याने माझं मनगट घट्ट धरलं, रडला नाही. शेजारच्या सीटवरच्या काकांनी स्वतःहून आपल्या नातवंडांना हळू बोलायला सांगितलं. त्या काकांना हे कधी वाचायला मिळालं तर: तुमचे उपकार आहेत आमच्यावर.

नर्मदाकाठची_आई
ताई, फोटोंची माळ ही किती चांगली कल्पना. माझ्या मुलीच्या वर्गात एक मुलगा आहे, त्याच्या आईला सांगते. सांगू ना?

शांत_खिडकी
नक्की सांगा. फोटो फार नकोत, आणि शेवटचा फोटो घराचा ठेवा.

मोठा_डोंगर
सगळं छान, पण मी थोडा विरोधात बोलतो. जवळचं हवंच, पण लांबही न्या. आमची मुलं राजवाड्यासमोर अहिल्यादेवींचा पुतळा रोज बघतात. त्यांना मी चौंडीला नेलं, जिथे 1725 मध्ये त्या जन्मल्या. लांबचा पल्ला, गाडीत कंटाळली, भांडली. पण तिथे पोचल्यावर मुलाने विचारलं, "एवढ्या लहान गावातून त्या महेश्वरला कशा आल्या?" हा प्रश्न इंदुरात बसून त्याला पडला नसता. इंदूरच्या मराठी मुलांनी महाराष्ट्र नुसत्या लग्नकार्यात बघू नये असं मला फार वाटतं.

छोटी_लाइन
@मोठा_डोंगर पटलं. लांब न्यायला ना नाहीच माझी. फक्त वाटेत काही दिसू द्या त्यांना.

अवंतिका_बर्थ23
समुद्र! इंदूरच्या मुलांना समुद्र दाखवा. अवंतिका एक्सप्रेसने मुंबई, सकाळी उतरून सामान आत्याकडे टाकलं आणि थेट जुहू. मुलगा पाच वर्षांचा, त्याने तोवर पाणी म्हणजे नर्मदा आणि यशवंत सागर एवढंच पाहिलेलं. उभा राहिला आणि म्हणाला, पलीकडचा काठ कुठे गेला? आत्या त्याला घेऊन वाळूत बसली आणि बोटाने नकाशा काढून दाखवत होती, लाटेने पुसला की पुन्हा.

बरं एक विचारायचंय, मुलांच्या तिकिटाचं नक्की काय आहे? मुलगा आता सहाचा झालाय.

महू_गार्ड_निवृत्त
5 वर्षांखालच्याला वेगळी बर्थ नको असेल तर तिकीट नाही. 5 ते 11 मध्ये बर्थ नको असेल तर अर्धं, बर्थ हवी तर पूर्ण पैसे. 2016 पासून हा नियम आहे. रात्रीच्या गाडीत सहा वर्षांच्या मुलाला बर्थ घ्याच, तुमचीही झोप होईल.

आणि धाग्याबद्दल: पाताळपाणीला इंग्रजांशी लढलेल्या तंट्या मामांच्या (तंट्या भिल्ल) देवळापाशी गाडी क्षणभर थांबते. मुलं विचारतात का थांबली. सांगा त्यांना. 1889 मध्ये जबलपूरला फाशी दिली, समाधी इथे मानतात. पुढे इतका उतार की ब्रेक तपासून मगच गाडी सोडायची. आम्ही दोन्ही करायचो, ब्रेक बघायचो आणि हातही जोडायचो.

दवाखाना_नको
काका, अजून एक सांगा सगळ्यांना, धबधब्याचं.

महू_गार्ड_निवृत्त
हो, सांगतोच. पावसाळ्यात पाताळपाणीच्या वरच्या प्रवाहात मुलांना उतरवू नका. इथे ऊन असलं तरी वर कुठे पाऊस पडला की मिनिटांत लोंढा येतो. 2011 च्या जुलैत एका कुटुंबातली माणसं अशीच दगडावर उभी असताना वाहून गेली. ओंकारेश्वरलाही धरणातून पाणी सोडतात, भोंगा वाजला की लगेच वर या, "एक फोटो" म्हणून थांबू नका. कुंपणाच्या आतून धबधबा तेवढाच सुंदर दिसतो.

नर्मदाकाठची_आई
🙏 काका, हे फॅमिली ग्रुपवर टाकते.

मांडू_प्रेमी
सगळे रुळांवरच आहात, मांडूला कोणी गेलं नाही?? गंगवाल बसस्टँडहून धारची बस, पुढे मांडू. पावसात जहाज महालाच्या दोन्ही बाजूंना तळी भरलेली असतात आणि धुकं आत शिरतं. मुलांना महाल पाच मिनिटं, नंतर फक्त मांडूची चिंच! ते बेढब बुंध्याचं आफ्रिकेतलं झाड, बाओबाब. फळ भोपळ्याएवढं, वरून मखमली लव, फोडलं की पांढरा कोरडा गर बियांना चिकटलेला. आंबट! मुलीने एक बी दिवसभर तोंडात घोळवली. एक कुंडीत लावलीय, रोज सकाळी बघते उगवलं का.

रामबाग_वाडा
दाल पानिया खाल्लं का तिथे? रुईच्या पानात भाजलेलं मक्याचं. आमच्या पोरांना त्याची राखसुद्धा गोड लागली. गरम असताना तूप ओतून

मांडू_प्रेमी
खाल्लं ना! आणि पुन्हा मागितलं.

नवी_सून_विजयनगर
दशम्या झाल्या! मऊ आहेत!! आजी बघा, गार करूनच भरल्या. उद्या आम्ही महेश्वरला निघतोय, बाळ दहा महिन्यांचं आहे. नावेत नदीतल्या बाणेश्वरच्या देवळाला न्यावं का एवढ्या लहानाला?

नर्मदाकाठची_आई
पाणी शांत असेल आणि नावाड्याकडे बाळाच्या मापाचं जॅकेट असेल तरच. नसेल तर घाटाच्या पायऱ्यांवर बसा, संध्याकाळी साडेपाचनंतर दगड निवतात. टोपी आणि जास्तीचे कपडे घ्या. किल्ल्यातला चढ बाबागाडीने होत नाही, झोळी न्या.

सुदामानगर_आजी
आणि जायफळ उगाळून लावू नकोस हो प्रवासात, बाळ सुस्त पडेल. नुसतं जवळ धर.

नवी_सून_विजयनगर
हो आजी. झोळी आईकडची आहे, आजच धुवून टाकते.